आत्याचा सुरंगीचा गजरा

आमच्या आत्याला तुम्ही कधी ‘नाही’ म्हणून बघितलेलं नाहीत, म्हणून सांगतो. रत्नागिरीच्या संग्रहालयात मधमाशीपालनाचा दिवस होता. घरच्या सगळ्यांना घेऊन या, असं तिथून कळवलं होतं. आत्या लांज्याहून सकाळच्या एसटीने आली, ती अंबाड्यात सुरंगीचा भरगच्च गजरा माळूनच. राणीमाशी बघायची, एवढंच तिने मनात धरलं होतं.

मागच्या अंगणात मधमाश्यांची पेटी ठेवली होती आणि मुलांसाठी शेजारी कागदाची फुलं मांडली होती. माहिती देणाऱ्या सरांनी झाकण उचललं. माश्यांनी कागदी फुलांकडे ढुंकून पाहिलं नाही, त्या थेट पुढच्या खुर्चीवर बसलेल्या आत्याच्या अंबाड्यावर आल्या.

सर म्हणाले, “काकू, हलू नका. गजरा हळूच काढून लांब ठेवा.”

“का काढू? खऱ्या फुलावर आल्यात, त्यांचं काय चुकलं?”

“चावतील हो.”

“चावूदेत. राणी बघितल्याशिवाय मी उठायची नाय.”

तोवर मुलं पेटी सोडून आत्याभोवती जमली होती. सरांनी हात टेकले आणि ते तिच्या अंबाड्याकडे बोट दाखवतच माहिती द्यायला लागले, “या सगळ्या कामकरी माश्या.”

“त्यातली राणी कुठली?” आत्याने मान न हलवता विचारलं.

“राणी बाहेर येत नाही, काकू. ती आतच असते. तिला भरवतातसुद्धा ह्याच.”



“मग झाका ती पेटी,” आत्या म्हणाली. “ह्यांचं खाऊन होईस्तोवर मी बसते.”