पावडरीच्या बांधाखालच्या मुडदुशा

जवळ सरका आणि ऐका. त्या बांधाच्या वाटेला मी कुणाला का जाऊ देत नाही, ते आज सांगते.

आपल्या खाडीवर बुधाजी भोई राहायचा. त्याची सून कुसुम नुकतीच बाळंत झालेली. दूध येईना. तिला मुडदुशा खायला घाला, पान्हा फुटेल, असं जो तो सांगत होता. पण मासळी होती कुठे? म्हणून अंधार पडल्यावर, ओहोटी साधून, बुधाजी बंद कारखान्याच्या बांधाखालच्या वळणाला निघाला. तिथे किडे मारायची पावडर बनायची. कारखाना बंद पडला तेव्हा मालकाने उरलेली पोती खाडीत लोटली आणि गेला निघून. गावाने अर्ज केले. साहेब आले, बाटलीत पाणी धरून बघितलं, म्हणाले स्वच्छ आहे. स्वच्छ म्हणे! विष काय डोळ्यांना दिसतं?

तर ऐका. बुधाजीने जाळं फेकलं. फेकताच भरलं. परत फेकलं, परत भरलं. नुसत्या मुडदुशा. टोपली शिगोशीग झाली. तेवढ्यात मागून हाक आली, "मामंजी, आणा ना लवकर." आवाज कुसुमचा. आणि कुसुम तर घरी, बाजेवर! रात्रीच्या असल्या हाकेला ओ द्यायची नसते, हे त्याला ठाऊक होतं. त्याने टोपली उचलली. काठाकडे वळला, तर पाय निघेना. चिखल गुडघ्यापर्यंत आला. मग कमरेपर्यंत. त्यात भरती लागली. आणि समोर पाण्यात बाई उभी. आसरा, पाण्यात वस्तीला असते ती. छातीशी तान्हं धरलेलं, ते हलत नव्हतं.

"मासे टाक," ती म्हणाली.

टाकणार कसे? घरी पोर भुकेने रडत होतं. टोपली डोक्यावर धरून तो तसाच उभा राहिला. पाणी गळ्याला लागलं.

"ती पावडर कुजत नाही रे. माशाच्या चरबीत बसते, तिथून आईच्या दुधात उतरते. माझ्या बाळाने तेच प्यायलं. टाक."

बुधाजीने टोपली उपडी केली. रडत केली. तसा चिखल सुटला, आणि तो हातापायांवर रांगत काठाला लागला.

कुसुमला मग अळीव दिले, कढण दिलं. पान्हा फुटला हळूहळू, पोर वाचलं. बुधाजीने झालेलं सगळं साहेबांच्या तोंडावर सांगितलं. साहेबांनी भुताची गोष्ट म्हणून हसण्यावारी नेलं. पोती अजून तिथेच आहेत.

त्या वाटेने जाऊ नका. तिथली मासळी घरात आणू नका. आणि आसरेला नावं ठेवू नका. तिने आपला माणूस जिवंत सोडला. पोती लोटणाऱ्याला मात्र आजवर कुणी साधी नोटीससुद्धा धाडलेली नाही.