साहेबाच्या नकाशावरचा ठिपका

आमच्या साहेबाची हुशारी ऐका. बियाण्याची आमची कंपनी. कोण किती फिरतो ते नांदेडात बसून दिसावं म्हणून साहेबानं सगळ्यांच्या मोबाईलात ॲप टाकलं. मी बिलोलीकडची खेडी पालथी घातली. तिकडं रेंजच न्हाई, म्हणून नकाशावर माझा ठिपका दिवसभर घरीच. माझ्यासोबतच्या बालाजीचा मेव्हणा एसटीवर ड्रायव्हर. बालाजीनं मोबाईल त्याच्याजवळ दिला आन् स्वतः घरी झोपला.

साहेब मला म्हणले, "बालाजीकडून शिका जरा."

शिकलो. आता दोन्ही मोबाईल त्याच एसटीत फिरून राहिलेत. परवा मीटिंगमध्ये साहेबानं आमच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. म्हणले, "दोघं एकमेकांना सोडून कुठं जात नाहीत. याला म्हणतात टीमवर्क."