सत्तावनची कॉर्व्हेट अन् माहं लायसन

मी हिवरखेडचा जी, तेल्हाऱ्याकडचा. माय-बाप लोकाच्या वावरात मजुरीले जात, मलेबी तेच करा लागलं असतं, पण मी अकोल्याले आलो, ट्रकवर क्लीनर लागलो, अन् ड्रायव्हर भला माणूस होता, त्यानं मले शिकवलं, मंग लायसन निघालं. लायसन हाती आलं त्या दिवशी म्या ते बायकोले दाखवलं, सुमनले. तिले वाचता येत नसे तरी तिनं ते दोन हातानं धरलं. काय सांगू तुमाले, आमच्या घरात सरकारी शिक्का असलेली पयली वस्तू ते होती.

छप्पन साली आमी समदे नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आलो, अन् मंग अमरावतीच्या एका शेठजीनं मले ड्रायव्हर म्हणून ठेवलं. बडनेरा रोडवर त्याचं कापसाचं जिनिंग होतं. शेठजी वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. पगार टायमावर देये, शिवी नाई. आधी त्याची जुनी काळी मोटर होती, ते चालवली. मंग मुंबईचा कोणी गोरा सायेब देश सोडून चालला होता, त्याची मोटर शेठजीनं घेतली. अमेरिकेची कॉर्व्हेट, सत्तावनचं मॉडेल. लाल, बाजूले पांढरा पट्टा, स्टेरिंग डाव्या हाताले, अन् बसाले जागा दोनच. शेठाणीबाई म्हणाल्या, हे काय मोटर आणली, घरच्या बाईनं कुठं बसावं?

मोटर आली त्याच दिवशी शेठजी म्हणाला, श्रावण, लायसन दे इकडं, अशी मोटर चालवणारा मानूस लोक पळवून नेतात. अन् लायसन त्याच्या कपाटात गेलं. मले तवा उलटा आनंद झाला जी, मोठ्या माणसाच्या कपाटात आपलं नाव हाय म्हणून. शेठजीची मोटर कोणता पोलीस अडवते?

आता त्या मोटरचं काय सांगू. इंजिन आठ सिलिंडरचं, अन् रस्त्यावर कापसाच्या बैलबंड्या, म्हशी, सायकली. दुसऱ्या गेरच्या वर जाताच ये नाई. एकदाच, अकोल्याहून परत येताना मूर्तिजापूरच्या पुढं रस्ता मोकळा होता, शेठजीचा डोळा लागला होता, म्या पाय दाबला. मोटर वाऱ्यावानी सुटली पाहा. मले वाटलं आपुन कोणाचेच नाई, ना शेठजीचे ना गावाचे. तेवढ्यात शेठजी जागा झाला, म्हणाला, हळू. झालं, तेवढंच सुख.

मंग दसरा आला. जिनिंगमध्ये समद्या मशिनीची पूजा होये, मोटरचीबी. शेठजी म्हणाला, श्रावण, पूजा तू कर, मोटर तुह्या हातात राह्यते. म्या म्हटलं, शेठजी, मोटर धुतो, पुसतो, हारबी आणून देतो, पण पूजा आता आमच्याच्यानं होत नाई, आमी दीक्षेत तसा शब्द देऊन आलो.  शेठजीनं सोताच हार घातला अन् जुन्या मोटरच्या बोनटवर दरसाल करे तसाच हिच्या बोनटवरबी कापराचा ढीग ठेवून पेटवला. जुनीचा पत्रा तापे, फडकं मारलं का झालं. पण हिचं अंग पत्र्याचं नव्हतंच. ते कोणालेच माहीत नव्हतं, ना त्याले ना मले. रंगाले फोड आले, घाण वास सुटला, अन् बोनटच जळू लागलं. पाणी मारेलोक हाताएवढं भोक पडलं. दुसऱ्या दिवशी पत्रेवाला आणला, त्यानं लोहचुंबक लावून पाह्यला, तो चिकटलाच नाई. तरी त्यानं सवयीनं हातोडी मारली, अन् भोकापासून तडा पार काचेलोक गेला.

जळक्या तोंडाच्या मोटरीत शेठजी बसला नाई. अमेरिकेहून नवं बोनट मांगवायचं, तर परमिट भेटे नाई. मोटर शेडमध्ये, अन् मी मोटरपाशी. रोज सकाळी इंजिन चालू करायचं, गुरगुरू द्यायचं, बंद करायचं. शेडच्या बाहेर एक हातबी नाई. त्याच सालात एसटीत ड्रायव्हर भरती निघाली. सुमनचा भाऊ लागला, खाकी कपडे घालून घरी आला. सुमन म्हणे, तुमी काहून बसले? लायसन मांगा. म्या मांगलं. शेठजी म्हणाला, तू पूजा केली असती तर हे झालं नसतं, बोनट येऊ दे, मंग जा. सालंमांगून सालं गेली, दर भरतीले म्या मांगलं. दर बारीले तेच, बोनट येऊ दे. राग लय येये जी. पण कपाट फोडणारा मानूस मी नव्हतो.

मांगच्या उन्हाळ्यात शेठजी वारला. त्याच्या पोरानं कपाट उघडून लायसन माह्या हातात देलं. मुदत कधीच संपली होती, अन् एसटीसाठी माहं वयबी निघून गेलं होतं. मोटर मुंबईच्या एका माणसानं घेतली. तो पाहाले आला, म्या इंजिन चालू केलं, तो खुश झाला. म्या म्हटलं, सायेब, पण बोनटचं काय करान? तो हासला, म्हणाला, अहो, हे काचेच्या धाग्याचं असतं, वरून कापड अन् रसायन लावायचं, आमच्याकडे दोन दिवसांचं काम.

दोन दिवस. मी तिथंच पायरीवर बसलो. त्यांनी मोटर ट्रकवर चढवली, मले म्हणाले हात लावा, मी उठलो नाई.

आता मी त्याच शेडवर चौकीदार हाय. शेड रिकामं हाय, तरी सकाळी हात खिशात चाबी धुंडते. खिशात लायसन राह्यते. सुमन म्हणे, फाटून जाईन ते, पेटीत ठेवून द्या ना. म्या म्हटलं, राहू दे खिशातच. आता त्याले कुठं कोंडू नोको.