बांधणाऱ्याने आत बसायचं

शमसा : माणसं दहा. सात बाहेरची, तीन आपली ओमानी. आपल्या तिघांपैकी जुमा ट्रक चालवतो. उरले हुमैद आणि राशिद. बाबा, त्या दोघांना मी या शेडमध्ये एकदाही पाहिलेलं नाही.

खमीस : तू दुपारची येतेस.

शमसा : ते सकाळचेही येत नाहीत. जुमाला विचारलं मी.

खमीस : जुमा ट्रक चालवतो की चुगल्या करतो? तुझ्या आत्याचे मुलगे आहेत ते. घरचे आहेत.

शमसा : म्हणून घरीच असतात.

खमीस : हे बघ, अख्ख्या सूर शहरात असंच चालतं. सरकारला ओमानी नावं हवीत, मी नावं दिली. पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत जातो. कुणाचं काय बिघडलं?

शमसा : परवा कामगार खात्याचा माणूस आला आणि म्हणाला, हुमैदला बोलवा. तुम्ही काय सांगितलंत?

खमीस : जेवायला गेलाय म्हणून.

शमसा : सकाळी साडेनऊला.

खमीस : सुचलं ते बोललो! चांगली कॉफी पाजली, खजूर खायला घातले, दारापर्यंत सोडायला गेलो.

शमसा : त्याने खजूर खाल्ले आणि ऑफिसात जाऊन आपल्या नावापुढे लाल खूण केली. आता बाहेरच्या कामगारांना नवा परवाना नाही आणि जुना वाढवून मिळणार नाही. मसिरा बेटाच्या मच्छीमारांनी सांगितलेल्या दहा फायबरच्या बोटी बांधणार कोण?

खमीस : सात बाहेरच्यांना चार ओमानी, एवढंच ना? आत्याला फोन लाव. धाकटा घरीच आहे.

शमसा : बाबा! चार हवेत, आणि चारही इथे उभे दिसायला हवेत. अंगाला रेझिनचा वास येणारे.

खमीस : मग विसर दहा बोटी. इथला पोरगा गॅसच्या कारखान्यात चिकटायची वाट बघत तीन वर्षं कट्ट्यावर बसेल, पण फायबरच्या थरांत घालायच्या काचेच्या चटईला हात लावणार नाही. अंगाला खाज सुटते. मी काय नाही घेऊन बघितले? एक दुपारच्या नमाजाला गेला तो अजून परतलेला नाही.

शमसा : त्याला शिकवलं कुणी होतं?

खमीस : शिकवायला वेळ कुणाला होता?

शमसा : पणजोबांच्या गलबतांवर कोण काम करायचं?

खमीस : सूरची माणसं. आणखी कोण? हिंदुस्थानचा साग आणि सूरचे हात. कागदावर एक रेघ न मारता नुसत्या नजरेने गलबत उभं करायचे. आजही या किनाऱ्यावर बोट बांधणारा सूरी माणूस म्हणजे मी एकटा.

शमसा : तुम्ही बांधत नाही, बाबा. तुम्ही विकता. बांधतात शिवदासनकाका.

खमीस : ... कॉलेजात हेच शिकवलं वाटतं. बापाला टोचायला.

शमसा : रसायनशास्त्र शिकवलं. मी गालिबशी बोलले आहे, गॅरेजवाल्या नासरच्या मुलाशी. आणि बदरियाशी.

खमीस : मुबारक कोळ्याची बदरिया? मुलगी?

शमसा : वडिलांची बोट किनाऱ्याला लावते ती, तुमच्यापेक्षा सरळ. दोघं रविवारपासून यायला तयार आहेत. यादीतून राशिदचं नाव काढून टाका. हुमैदला मात्र बोलवा, पगार घेतोय तर.

खमीस : हुमैद? त्याला उन्हात उभं केलं तर तुझी आत्या माझ्या दारात येऊन बसेल!

शिवदासन : अर्बाब, साच्याला मेण लावून झालं. जेलकोटचा पहिला थर आज मारायचा की उद्या?

खमीस : ये, शिवदासन, बस. कॉफी घे. ही मुलगी मला धंदा शिकवतेय.

शिवदासन : लहानपणी याच साच्यात झोपायची. तेव्हापासून मला शिकवतेय.

शमसा : काका, तुमचा परवाना कधी संपतो?

खमीस : शमसा.

शिवदासन : दोन महिन्यांनी. अर्बाब म्हणाले, अर्ज दिलाय.

शमसा : अर्ज परत आलाय. आपल्या नावावर लाल खूण आहे. तुमचा, मणिकंठनचा, सातांपैकी कुणाचाच परवाना वाढणार नाही. हुमैद जेवायला गेला होता म्हणून.

शिवदासन : ... अर्बाब?

खमीस : सांगणार होतो. आधी काहीतरी मार्ग काढावा म्हटलं.

शिवदासन : बावीस वर्षं झाली इथे. मुलीचं लग्न मी फोनवर पाहिलं, कारण तेव्हा तुमच्या चार बोटी साच्यात होत्या. मला लगेच सांगायचं होतं.

खमीस : चुकलो.

शमसा : काका, मार्ग आहे. तीन ओमानी जण. तुम्ही शिकवायचं. त्यांनी एक बोट पहिल्यापासून शेवटपर्यंत बांधायची. खात्याचा माणूस पुन्हा येईल तेव्हा ते काम करताना दिसतील.

शिवदासन : आणि ते शिकले की मी कशाला लागेन?

खमीस : हा काय प्रश्न झाला?

शिवदासन : हाच प्रश्न आहे, अर्बाब. शिकवायला माझी ना नाही. माझ्या हाताखालच्या तिघांनी केरळात, कोल्लमला स्वतःच्या शेड टाकल्यात. पण तेव्हा माझ्या जागेवर कुणाची नजर नव्हती.

शमसा : खोटं सांगत नाही. पुढे कायदा काय होईल ते मला माहीत नाही. आजचा हिशोब सांगते. ते तिघं नसतील तर दोन महिन्यांनी तुम्ही विमानात. ते असतील तर तुमचा परवाना वाढतो आणि दहा बोटींचं काम हातात येतं. त्या दहा तुमच्याशिवाय होत नाहीत.

शिवदासन : हिशोब बरोबर आहे. गोड नाही, पण बरोबर आहे.

खमीस : मी वाळूवर उभं राहून शब्द देतो, शिवदासन. ही शेड आहे तोवर...

शिवदासन : शब्द नको, अर्बाब. अटी ऐका. एक, माझ्या शेडमध्ये कुणी कुणाचा भाचा नाही. दोन, काम बिघडलं तर त्यांनीच घासून काढायचं, माझ्या माणसांनी नाही. तीन, तुमच्या आजोबांचा नियम.

खमीस : बांधणाऱ्याने आत बसायचं.

शिवदासन : पहिल्या फेरीला आजवर मीच बसलो. त्यांच्या बोटीत ते बसतील.

खमीस : हुमैदला पोहता येत नाही.

शिवदासन : मग नीट बांधेल.

(अडीच महिन्यांनी. सूरचा किनारा, सकाळ. भरती येते आहे.)

खमीस : नाण्याने तळ वाजवून बघितलास?

शिवदासन : तीनदा. पुढून मागे, मागून पुढे. आवाज सगळीकडे एकसारखा टणक. काल एका जागी बद्द वाजत होता.

खमीस : कुठे?

शिवदासन : कण्याजवळ, डाव्या अंगाला. थरांमध्ये हवा राहिली होती.

खमीस : आणि मला सांगितलं नाहीस?

शिवदासन : मला तरी कुठे सापडली? मी नाणं काढायच्या आधीच हुमैद येऊन म्हणाला, उस्ताद, इथे माझा रोलर नीट फिरला नव्हता. वरून तर काही दिसत नव्हतं. गप्प बसता तर चाललं असतं.

खमीस : आमचा हुमैद?

शिवदासन : शेडमध्ये तुमचा नाही. रात्रीपर्यंत घासलं तिघांनी. नवे थर टाकले. रेझिन घट्ट करणारा हार्डनर गालिबने मोजला, दोनदा.

शमसा : पहिल्या आठवड्यात याच गालिबने रेझिनची बादली पेटवली होती. गर्मीत हार्डनर कमी घालायचा असतो, तर याने घाई म्हणून दुप्पट ओतला. धूर बघून शेजारचा मासेवाला पाण्याची नळी घेऊन धावला.

खमीस : आता हसतेस. तेव्हा पांढरीफटक पडली होतीस.

शमसा : बाबा, तुमच्या हाताला काय झालं?

खमीस : काही नाही. खाज.

शमसा : काचेच्या चटईची?

शिवदासन : कालचे शेवटचे दोन थर अर्बाबांनी टाकले. मला म्हणाले, पोरीला सांगू नकोस.

खमीस : आणि तू सांगितलंस.

शिवदासन : रोलर बरा फिरतो त्यांचा. शिकवता येईल.

शमसा : बाबा, मग तुम्हालाही आत बसावं लागेल.

खमीस : दोन थर म्हणजे बोट बांधणं नव्हे. तिघं बसतील. तू चौथी, वेग मोजायची तुझी यंत्रं घेऊन. आणि ते दुसरं वायरलेस मला दे. त्या बायका कोण जमल्यात?

शमसा : बदरियाची आई, मावश्या. आणि आत्या.

खमीस : तुझी आत्या? आज मला सोडायची नाही.

शमसा : सकाळपासून सगळ्यांना सांगतेय, माझ्या हुमैदने बोट बांधली. लाल खूण निघाली, काकांचा परवाना वाढला हेसुद्धा तीच सांगतेय, जणू तिनेच काढली. निघते मी. बदरियाने इंजिन सुरू केलंय.

खमीस : जा. सुखरूप या. ... शिवदासन, तू खरंच बसत नाहीस?

शिवदासन : बांधली त्यांनी.

खमीस : आजोबांच्या वेळी उस्ताद पहिल्या फेरीला काठावर उभा राहिला तर लोक म्हणायचे, याने नवा उस्ताद घडवला. मी ऐकलं होतं फक्त. पाहिलं नव्हतं कधी.

शिवदासन : काठावर उभं राहणं जड आहे, अर्बाब. बावीस वर्षांत आत बसून कधी एवढी भीती वाटली नाही.

खमीस : मलाही वाटतेय. कुणाला सांगू नकोस. ... ती बघ, वळली. काय वळवली पोरीने! आता बंदराच्या भिंतीपलीकडे लाटा मोठ्या आहेत.

शिवदासन : बोट नाक वर ठेवतेय. छान. छान.

शमसा : बाबा, ऐकू येतंय? आम्ही पाण्यातल्या दुसऱ्या तरंगत्या खुणेपाशी आहोत. आकडे घेतलेत. सांगू?

खमीस : मला नको सांगूस. उस्तादांना सांग. धर, शिवदासन, हे बटण दाब.

शिवदासन : बोल, पोरी.

शमसा : माणसं चार, टाकी पूर्ण भरलेली, लाट एक मीटर. वेग सत्तावीस नॉट. तळात पाणी नाही.