दक्षिणेकडे ठेवलेली बॅग

सुशिलाबाई : ...मंग मी काय करू सांगा? खोलीत पाय टाकला का शिंका. तुमच्या सुलोचनानं ब्यागीत पोरीसाठी मिरचीची भुकटी भरली ना, पुरं घर झणझणून रायलं. कवडूभाऊ, हात जोडते, घेऊन जा ते ब्याग.

कवडू : मिरची आपल्या केशोरीची आहे बाई, ते काही गुपचूप बसनार नाई. फडकं गुंडाळा वरून.

सुशिलाबाई : फडकं कायचं, गोधडी गुंडाळली!

कवडू : मंग खिडकी उघडी ठेवा. पस्थान ठेवलेली वस्तू मानूस गेल्याबिगर उचलत नाई, हे मी तुमाले सांगू? तुमीच त म्हनलं होतं, विमानाच्या दिवशी अमावस येते, त आधीच चांगला दिवस पाहून ब्याग दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवा. म्हंजे घरून निंगाल्यासारखंच होते.

सुशिलाबाई : म्हनलं जी. झडली असती जीभ त बरं झालं असतं.

कवडू : त ब्याग निंगाली म्हंजे सुलोचना निंगाली. आता ते परत घरात आनली, त त्याचा अर्थ काय होते?

सुशिलाबाई : अर्थ तुमालेही मालूम आहे. विमानाचा दिवस कवाचा उलटला. नागपूरचा डाक्टर काय बोलला, ते पुऱ्या गल्लीले मालूम आहे.

कवडू : घरी ठेवा म्हनला. आराम करू द्या म्हनला.

सुशिलाबाई : आनि तसं काऊन म्हनला?

कवडू : हळू बोला. आंगनात खाटेवर पडून आहे ते. डोळे मिटले असले तरी जागी रायते.

सुशिलाबाई : भाऊ, मिरची त बहाना आहे. मलेच झोप नाई. परवा माह्या हिमांशूनं मोबाइलवर नकाशा दाखवला. तुमच्या गुंजनचा स्पेन देश कुठी आहे, मालूम? तिकडं. दिवस बुडते तिकडं.

कवडू : असन.

सुशिलाबाई : असन काय! ज्या दिशेनं जावाचं, पस्थान त्याच दिशेले ठेवतेत. गुंजन फोनवर म्हने, आमी स्पेनच्या दक्षिनेले रायतो. आपन बाकी काही ऐकलंच नाई, दक्षिन तेवढं ऐकलं. तुमच्या दक्षिनेले घर कोनाचं? माहं! पश्चिमेले कैलाशचं घर धडधडीत उभं होतं, ते सोडून... बाईले आपन यमाच्या दिशेनं काढून देलं भाऊ. ब्याग ठेवून हप्ता नाई झाला, आनि तिनं अंथरून धरलं.

कवडू : चूप बसा. एकदम चूप बसा.

सुलोचना : सुशिला, इकडं ये वं. दारात उभी राहून कायले कुजबुजून रायली? माहे कान काही बिमार नाई.

सुशिलाबाई : काही नाई वं. धानाचं बोलून रायलो होतो.

सुलोचना : धानाले यम कवापासून लागला? बस इथी, पायाजवळ. रडतं काऊन? पोट माहं पावसाळ्यापासून दुखे. धानाचा रोवना सुरू होता, बोलली नाई. ब्याग तुह्या घरी आली दिवाळी झाल्यावर. त्या ब्यागीनं काही नाई केलं.

कवडू : पावसाळ्यापासून? आनि मले सांगितलं नाई?

सुलोचना : सांगून काय केलं असतं तुमी? ओवा देला असता.

कवडू : दवाखान्यात नेलं असतं.

सुलोचना : नेलं असतं. रोवना झाल्यावर.

कवडू : ...पुढच्या हप्त्यात गुंजन येऊन रायली. ते आली का इचारू, तिकडचे डाक्टर काय म्हनतेत. ते तुले घेऊन जाईल सोबत.

सुलोचना : पोरगी मले न्यावाले नाई येत जी, पोचवाले येते. तिले मालूम आहे, तुमालेही आहे. ब्याग आना घरी.

कवडू : नाई.

सुलोचना : काऊन?

कवडू : ते तिथी आहे, तवरी तुहं जानं बाकी आहे. मी नाई आनत.

सुलोचना : बरं. पस्थानाची ब्याग घरी परत कवा येते?

कवडू : मानूस गावाहून परत आला का.

सुलोचना : मंग झालं. आली मी परत. सुशिला, जाय, ब्याग आन. आनि भाकरीचा तुकडा ओवाळून टाक माह्यावरून. एवढ्या दूरून आली, वाटेत कोनाकोनाची नजर लागली असन. तुमी काय पाहून रायले जी? पाय धुवाले पानी द्या.

(सुशिलाबाई बॅग आणते. भाकरीचा तुकडा ओवाळून कुंपणापलीकडे टाकते. कवडू खाटेशी पाण्याचा तांब्या ठेवतो आणि बॅगेची चेन ओढतो. तिघंही शिंकतात आणि हसू लागतात.)

सुलोचना : पाहा, हासवलं का नाई मिरचीनं? खाली लाल फुलाचं सुती पातळ आहे, ते टाका माह्या अंगावर. समुद्राच्या कडंले नेसाचं म्हनून घेतलं होतं. आनि टोपी?

कवडू : हे घे. अर्जुनीच्या बजारात दुकानदार म्हने, बाई, लेकरासाठी पाह्यजे का? सुलोचना म्हने, नाई, माह्यासाठी. पुरा बजार हासला.

सुशिलाबाई : ऊन खावाले एवढ्या दूर जातेत लोकं! आपल्या इथी मे महिन्यात फुकट भेटते, त कोनी घेत नाई.

सुलोचना : आपलं ऊन कामाचं आहे वं. तिथलं सुट्टीचं. गुंजन म्हने, आई, तू फक्त बसाचं. म्या म्हनलं, हाताले काही काम? निवडाले तांदूळ तरी देशीन ना? म्हने, काहीच नाई. नुसतं बसाचं, समुद्र पाहाचा. जलमात मी कवा तशी बसली नाई सुशिला. लई मन होतं माहं, एकदा तसं बसून पाहाचं.

सुशिलाबाई : आता नोको बोलू. धाप लागते.

सुलोचना : लागू दे. गावाहून आलेल्या मानसाले कोनी काही इचारत नाई का या घरात?

कवडू : काय इचारू?

सुशिलाबाई : इचारा ना भाऊ. तिच्या मनासारखं करा.

कवडू : ...समुद्र कसा होता?

सुलोचना : मोठा. आपल्या नवेगाव बांधाच्या तलावासारखाच, पन पलीकडचा काठ नाई दिसे. मी रोज कडंले बसो, पान्यात पाय सोडून.

कवडू : थंड होतं पानी?

सुलोचना : कोमट. आताच चुलीवरून उतरवल्यावानी.

कवडू : आनि गुंजनचं गाव?

सुलोचना : चांगलं आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूनं संत्र्याची झाडं, लदबद लागलेली, आनि कोनी हात नाई लावे. पोरगी नोको म्हने, तरी म्या एक तोडलं.

कवडू : गोड होतं?

सुलोचना : कडू जहर.

सुशिलाबाई : मी जाते वं. चुलीवर भात ठेवला आहे.

सुलोचना : भात नाई ठेवला तू, रडाले जातं. जाय. आता घरात शिंका नाई येनार तुले.

कवडू : सुलोचना.

सुलोचना : हं.

कवडू : तू समुद्रावर बसे, तवा मी कुठी होतो?

सुलोचना : तुमी नोयते जी.

कवडू : टिकट त दोघांचं काढलं होतं.

सुलोचना : काढलं होतं. पन खळ्यावर धान चुराचं रायलं ना. म्हसीले कोन पाहील? तुमी मांगं रायले.

कवडू : मंग करमलं तुले?

सुलोचना : पयले नाई करमलं. रोज रस्त्याकडं पाहो. वाटे, आता येतील, मंग येतील.

कवडू : आनि मंग?

सुलोचना : मंग सवय झाली. तुमालेही होईल.