हिवराच्या मुळाशी कळशी

स्टीलच्या ताटलीवर ठेवलेला फोन खणखणला. लेक सायली आत्ताच कुठं झोपली होती, आणि सुलक्षणानं लॅपटॉप उघडला होता. तिनं झडप घातली. इनामगावहून वडिलांचा, पोपटरावांचा फोन.

"हॅलो?… हां आप्पा, हळू बोला, सायली झोपलीय… व्हय, जेवले… सायलीचे बाबा रांजणगावला, सेकंड शिफ्ट… आप्पा, आधी माझं ऐका ना. तुमच्या बांधापलीकडच्या रानात मी झाडांना मीटर लावलेत… हां, तेच, बुंध्यात सुया खोचलेले. झाड किती पाणी ओढतं, हवेतला किती कार्बन खोडात साठवतं, त्यावरनं अख्ख्या रानाचा हिशोब कॉम्प्युटरवर मांडायचाय… न्हाई ओ, करंट बसत न्हाई झाडाला!"

ती हसली.

"तर वैशाखात सगळी झाडं गप पडली. एकटा कडेचा हिवर मात्र पंगतीला बसल्यागत पितोय… मला वाटलं, याची मुळं थेट घोडनदीच्या पाण्याला भिडली! उद्या माझ्या गाईड सरांना हेच सांगणार होते. तसं धरून मॉडेल चालवलं, तर दुष्काळातबी रान हिरवंगार… हो ना, मलाबी पटंना. म्हणून विचारते, तुम्ही जाता का तिकडं?… कशाला?… खोकू नका आप्पा. कशाला?"

"कळशी?… रोज?… अहो, शोध लावला होता मी! आन् निघाली तुमची कळशी!… हसताय काय? दोन वर्षांचं काम हाय… आता सगळ्यांनाच घालता? म्हंजी फरक पडायचा न्हाई? धन्य हाय तुमची! रान हाय ते आप्पा, तुळशीची कुंडी न्हाई… नको, नको, टँकर सांगू नका!… बरं, इतक्या झाडांत ह्योच कसा लाडका?… काय पुरलंय?"

तिचा हात कीबोर्डवरून खाली आला.

"सायलीची नाळ?… गळून पडली तवा?… मला कधी बोलला न्हाईत… व्हय, हसले असते. हसलेच असते."

तिनं हिवराचे आकडे पुन्हा उघडले.

"मागचं मी निस्तरते, तुमची कळशी वजा करते. पण आता पाणी बंद… आप्पा, मीटरवर हिवर तेवढा एकच हाय, वगळू कसा? नुसत्या पावसावर तो किती तग धरतो, तेच तर बघायचंय… रुसू नका ना. तुमचा पंप बंद पडला तवा मला बोलवता, माझं ऐकता, तसंच इथंबी ऐका… बघायला जा की रोज, हात फिरवा. फक्त कळशी घरी ठेवा… नक्की?… शब्द?… शाब्बास माझ्या आप्पा! हॅलो?… हॅलो?"

रेंज गेली होती. तिनं फोन ताटलीत ठेवला, तर गादीवर सायली उठून बसलेली, डोळे टक्क उघडे.

"आई, आजोबांनी पाणी न्हाई घातलं, तर माझं झाड मरंल?"