लेसर बंद, तरी आकडा चालू

...आणि वर मलाच विचारतात, 'अहो त्सोल्नर, तुमचा लेसर असा नाचतोय का?' आता मी करू तरी काय, तुम्हीच सांगा! इथं येना शहरातल्या कारखान्यात सव्वीस वर्षं लेसर जुळवतोय मी. लेसरची ताकद मोजणारा जुना सेन्सर कसा सज्जन होता... लेसर सोडला की सावकाश गरम व्हायचा, आकडा स्थिरावेपर्यंत माणसाच्या चार गोष्टी बोलून व्हायच्या. आता हा नवा आणलाय, झटपट! एकेका झटक्याची ताकद पापणी लवायच्या आत सांगतो. सांगू दे की, माझं काय जातंय? पण नेमकी आजच लिंझ शहरातल्या डोळ्यांच्या इस्पितळातली बाई मशीन ताब्यात घ्यायला आली, आणि आकडा वर, खाली, परत वर... आमच्या साहेब वीगांडबाई कानाशी येऊन म्हणाल्या, 'हे मशीन नापास झालं, तर उद्यापासून तुम्ही पॅकिंगला.' म्हणजे या वयात मी खोकी बांधायची?

घामच फुटला हो मला. आरसे पुसले, थंडाव्याचं पाणी बदललं, पंखा बंद केला, आणि करतोय काय ते त्या बाईंना समजावत होतो. गिऱ्हाइकासमोर मुखस्तंभ होऊन कसं चालेल? पण जितकं समजावावं तितका आकडा चेकाळतोय! मी करू तरी काय? शेवटी वैतागून लेसरच बंद केला. तरी आकडा हलतोय! म्हटलं, 'बघा, सेन्सरच बिघडलाय, सकाळपासून कानीकपाळी ओरडतोय मी, पण इथं माझं ऐकतंय कोण...'

बाईंनी आकड्याकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे.

'जरा थांबता?'

थांबलो. आकडा शून्य.

'आता बोला.'

'काय बोलू?' म्हटलं, तर आकडा टुणकन वर!

'या सेन्सरमधला स्फटिक आवाजानंही थरथरतो,' बाई शांतपणे म्हणाल्या. 'माहितीपुस्तिकेत दिलंय.'

'ती त्यांनी वाचली नसणार,' वीगांडबाई म्हणाल्या. 'वाचताना गप्प बसावं लागतं.'

काढलं मला खोलीबाहेर. आणि आत लेसर कसा, एकदम शहाण्या मुलासारखा! दहा मिनिटांत मशीन पास. पॅकिंग टळलं, जीव भांड्यात पडला, नाही असं नाही... पण दाखल्यावर कायमचं छापलंय: 'मोजणी ग्राह्य, त्सोल्नर खोलीबाहेर असताना.' आणि त्याखाली जुळवणी करणाऱ्याची सही लागते म्हणे. ती मीच केली.